पंकजाचा भुंगा

अहिल्यानगर,
१२ नोव्हेंबर २०२४

पंके,

पुण्याहून घरी पोचल्यावर मी आधी चहा प्यायले आणि मग तुझी काळजी केली. क्रम उलटा सांगितला असता तर तुझा विश्वास बसला नसता. राजूरला नीट पोचलीस ना? फोन करून विचारलं असतं, पण फोनवर तू "बरं आहे" यापलीकडे जात नाहीस. नगरचं होस्टेल सुटल्यापासून तुझं खरं काय चाललंय ते मला कायम पत्रातूनच कळलं. तेव्हा लिही. उजवा हात धडधाकट आहे, सबब चालणार नाही.

घाटात जीप उलटून तुझा डावा हात कोपराखाली गेला, त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं तू डावं कोपर पदराखाली झाकून गल्ल्यावर बसलीस, आणि बांगड्या भरायचं काम जावेनं केलं. कासाराच्या घरातली बाई, आणि बांगड्या भरायच्या नाहीत! संस्कृतच्या मास्तरणीला 'आजपासून फक्त हजेरी घ्या' म्हणण्यासारखंच की ते. म्हणून पुण्याच्या त्या कृत्रिम हातांच्या केंद्रात तू नव्या हातानं अंडं उचललंस तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं. धूळ फार होती.

तिथल्या अश्विनी मॅडमनी दंडाला पट्टा बांधला, तेव्हाचा तुझा चेहरा अजून डोळ्यापुढे आहे. बोटं कशाला लागली की पट्ट्यात मोबाइलसारखी थरथर. दाब वाढला की थरथर वाढते. सगळे गंभीर, आणि तू म्हणालीस, "दंडात भुंगा शिरलाय." आता त्या बिचाऱ्या पुण्यातल्या सगळ्या पेशंटना 'तुमचा भुंगा कसा आहे' म्हणून विचारत असतील.

मी तुझ्याकडून घोकून घेतलंय ते विसरू नकोस. भुंगा वाढला की सोड. भुंगा वाढला की सोड. 'रामः रामौ रामाः' तुझ्या डोक्यात कधी राहिलं नाही, पण हे राहिलं. त्यापायी निम्मा ट्रे अंडी गेली. रोज कर. अंडं, टोमॅटो, कागदाचा कप.

आता कामाचं. कृपाचं लग्न मे महिन्यात ठरलं. मुलगा नाशिकचा, बँकेत आहे, चष्मा लावतो, एकूण निरुपद्रवी. लेकीची खोली रिकामी झाली की मी तिथे पुस्तकांचं कपाट ठेवणार आहे. तसं तिला सांगितलंही. हळदीच्या दिवशी तिचा हिरवा चुडा तू भरायचास. दोन्ही हातांनी. ही विनंती नाही.

तुझी,
सिल्व्हिया


राजूर,
२ डिसेंबर २०२४

सिल्व्हे,

पोचले. बसमध्ये अकोले येईपर्यंत उभीच होते. मग एका बाबानं माझा हात बघून जागा दिली, आणि उरलेला सगळा रस्ता माझ्याशेजारी उभा राहून हातच बघत बसला. जागा दिली का तिकीट काढलं, कळंना.

दुकानात लई गर्दी होते. बांगड्या घ्यायला नाही, हात बघायला. बाजाराच्या दिवशी भागूबाई आली. तिला तू ओळखतेस, ती डोंगरावरनं भाताचा भारा डोक्यावर घेऊन उतरते ती. सगळ्या बायांसमोर मला म्हणाली, "पंकाबाई, ह्यो हात रातीला चार्जिंगला लावत्यात व्हय? मंग आमच्या ह्यान्लाबी लाव की येकदा. लई दिस झालं बंद पडल्यात." बाया हसून हसून खाली बसल्या. माझी जाऊ स्नेहल आत पळाली.

इथं लाईटीचा भरवसा नाही. लाईट गेली की हातही गेला. आमचे हे म्हणतात, तुला आता इन्व्हर्टर लागतो.

अंडी झाली. टोमॅटो झाले. भुंगा बरोबर सांगतो, आणि मी बरोबर सोडते. कृपाचं ऐकून आनंद झाला. चष्म्याची पोरं बरी असतात, त्यांना शोधायला काहीतरी दुसरं असतं.

बांगड्या ना? भरते की. चाललंय.

पंकजा


अहिल्यानगर,
२० डिसेंबर २०२४

पंके,

'चाललंय' वाचलं आणि मी लगेच गावभर केलं.

आमच्या चर्चच्या महिला मंडळाची नाताळच्या फराळाची बैठक होती. करंज्यांवरून वाद पेटला होता. तो विझवायला मी सांगितलं, की माझी मैत्रीण विजेच्या हातानं कृपाचा चुडा भरणार आहे. करंज्या जागच्या जागी राहिल्या. आता चाळीस बायका हळदीला येणार आहेत, त्यातल्या निम्म्यांना कृपाचं नावही धड आठवत नाही. तू येणार, भरणार, आणि मी मागे उभी राहून श्रेय घेणार, असा बेत आहे.

आणखी एक. आमच्या सगळ्या संस्कृत कवींनी भुंग्याला कमळाभोवती फिरवलं. पंकजा म्हणजे कमळ. पण भुंगा कमळाच्या दंडात बसवायचं एकालाही सुचलं नाही. पुण्याच्या इंजिनिअरांना सुचलं. विद्या आता कुठल्या खात्यात गेली आहे ते बघ.

कृपा हल्ली जरा मुकाट असते. मी म्हटलं, "आताच सासरच्यासारखी वागायला लागलीस?" तर उठून भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

नाताळच्या शुभेच्छा. करंज्या पाठवते, जड आहेत, भुंगा ओरडला तर दचकू नकोस.

सिल्व्हिया


राजूर,
४ फेब्रुवारी २०२५

सिल्व्हिया,

पत्राला उशीर झाला. लग्नसराई आहे.

करंज्या चांगल्या होत्या.

कृपाच्या चुड्याला मी स्नेहलला पाठवते. तिचा हात हलका आहे, बाया तिचंच नाव घेतात. माल सगळा माझ्याकडचाच असेल, फिरोजाबादचा, उत्तम. मी लग्नाला येईन, बसायला.

पंकजा


अहिल्यानगर,
१४ फेब्रुवारी २०२५

पंकजाबाई, मुक्काम राजूर, यांस,

आपलं कृपापत्र पोचलं. आपण आता मोठ्या शेठाणी झालात, कारागीर पाठवता, स्वतः पाहुण्यांच्या खुर्चीत बसता, हे वाचून धन्य वाटलं. पानाचा विडा कुठून मागवायचा तेवढं कळवावं.

झालं हसून? आता सरळ विचारते. काय झालं? स्नेहलचा हात हलका असेल, पण मला हलका हात नकोय, तुझा हवाय. कृपा पाचवीत असताना तिच्या पहिल्या काचेच्या बांगड्या तू भरल्यास. ती रडली नाही म्हणून तू एक जास्तीची दिलीस, आणि ती घरी येऊन मोठ्यानं रडली, 'मी रडले असते तर दोन मिळाल्या असत्या' म्हणून. हे तुझ्याच लक्षात राहिलं नाही?

शिवाय चाळीस बायका. मी त्यांना काय सांगू? विजेचं बिल थकलं?

उत्तर लवकर दे. आणि 'लग्नसराई' हे उत्तर नाही.

सिल्व्हिया


राजूर,
२३ फेब्रुवारी २०२५

सिल्व्हे,

शेठाणी म्हणालीस. बरं. मग ऐक शेठाणीचं.

जानेवारीत समोरच्या आळीत हळद होती. नवरीच्या घरच्यांनी मुद्दाम मलाच बोलावलं, हाताचं कौतुक म्हणून. पोरीचा हात लोण्यासारखा. असा हात मी झोपेत भरला असता पूर्वी. नव्या हातानं तिचा पंजा धरला, अंगठा आत घेतला, उजव्यानं बांगडी सरकवली. बरोबर हाडावर आली, तिथं दाबून धरावंच लागतं, एक श्वासभर. आणि नेमका तिथं भुंगा वाढला.

भुंगा वाढला की सोड. सोडला.

पोरीचा पंजा उघडला, बांगडी हाडावर अडकली, तिनं हात ओढला. बांगडी वाढली. आम्ही कासार कधी 'फुटली' म्हणत नाही, पण त्या दिवशी मी मनात फुटलीच म्हणाले. हळदीच्या पाटावर रक्त. पोरीची आजी माझी समजूत काढायला म्हणाली, "आसू दे गं बाई. मशिनीचा हात हाय, त्याला काय कळतंय?"

शिवी दिली असती तर चाललं असतं.

नंतर दुकानात आणखी दोघींना झालं. तसंच. हाडावर आली की भुंगा वाढतो, आणि माझा हात विचारत नाही, सोडून देतो. इतकं पक्कं घोकलंय मी. आता हात खोक्यात आहे, चुड्याच्या फळीवर. मी गल्ल्यावर आहे. गिऱ्हाईक आलं की 'स्नेहल' म्हणून हाक मारते.

तुझ्या चाळीस बायांसमोर कृपाच्या हातातनं रक्त काढू का मी? तिची आई म्हणून तू सांग.

पंकजा


अहिल्यानगर,
३ मार्च २०२५

पंके,

पत्र वाचलं. परत वाचलं. मग पुण्याला अश्विनी मॅडमना फोन लावला.

त्यांचं म्हणणं जसंच्या तसं देते. "अहो मॅडम, थरथर म्हणजे हुकूम नाही. ती फक्त सांगते, आत्ता एवढा दाब आहे. अंडं असेल तर सोडायचं, बरणीचं झाकण असेल तर आणखी आवळायचं. ते पंकजाताईंनी ठरवायचं. वाढली की सोडायचंच, असं त्यांना कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "हॅलो, हॅलो, रेंज जातेय."

पंके, आमच्याकडे मीमांसा म्हणून एक शास्त्र आहे. त्यात मुलांना पहिल्याच वर्षी शिकवतात की काही वाक्यं 'हे कर' म्हणून सांगतात, तो विधी. आणि काही वाक्यं नुसतं वर्णन करतात, तो अर्थवाद. जो अर्थवादाला विधी समजतो त्याला मी परीक्षेत भोपळा देते. वीस वर्षं देत आलेय. आणि स्वतः मात्र अंड्यापुरती असलेली गोष्ट वेदवाक्य करून तुझ्या दंडात ठोकली. त्या पोरीची बांगडी तुझ्या हातानं गेली नाही, माझ्या घोकंपट्टीनं गेली. 'मशिनीला काय कळतंय' म्हणणाऱ्या आजीबाईंना माझा पत्ता दे.

'शेठाणी' मागे घेते. खुर्चीही, विडाही.

चुडा स्नेहलनं भरला तरी मी मनापासून आनंदानं बघेन, हे खरंच. बायकांचं मी बघते. त्यांना बिर्याणी दिली की कसलीच आठवण राहत नाही. पण हात खोक्यातून काढ. कृपासाठी नको. नाही म्हणायचं तर ठरवून म्हण, भिऊन म्हणू नकोस.

सिल्व्हिया


राजूर,
६ एप्रिल २०२५

सिल्व्हे,

'रेंज जातेय' वाचून मी दुकानात एकटीच हसत बसले. गिऱ्हाईक परत गेलं.

तुझं पत्र आल्यावर आठ दिवस मी हात खोक्यातनं काढला नाही. तुझ्यावर राग होता, तो संपवायला वेळ लागला. मग एका दुपारी हात चढवला आणि स्नेहलला म्हणलं, "बस. आज मला भर."

असं केलं, बघ. नव्या हातानं माझाच उजवा पंजा धरला, गिऱ्हाइकाचा धरते तसा. आणि बांगडी सरकवायची स्नेहलनं. म्हणजे दाबणारी मी, आणि दाबून घेणारीही मी. जन्मभर दुसऱ्यांचे हात दाबले, पण दोन्हीकडनं एकदम कधी कळलं नव्हतं. बांगडी हाडावर आली. भुंगा वाढला. मी सोडलं नाही. दात आवळले, पण सोडलं नाही. दुखलं, भुंगा तसाच वर. बांगडी जाईना.

तेवढ्यात स्नेहल म्हणाली, "ताई, सासूबाई काल तुमच्या खोक्यातल्या हाताला कुंकू लावत होत्या. मी बघितलं." मला हसू आलं. आणि हसले तसा माझा पंजा आपोआप सैल पडला, आणि सिल्व्हे, त्याच घडीला भुंगा एकदम खाली आला. नव्या बोटांनी पकड सोडली नव्हती, तरी खाली आला. बघते तर बांगडी मनगटावर.

मग कळलं. भुंगा वाढतो त्याच्याकडं बघायचंच नाही. तो दमतो कधी, त्याच्याकडं ध्यान ठेवायचं. समोरचीचा हात सैल पडला की तो खाली येतो. तीच वेळ. पूर्वी हे मला तळव्यात कळायचं, आता दंडात कळतं, एवढाच फरक. म्हणून तर कासारणी एवढ्या गप्पा मारतात. आम्हाला काय तुमच्या सासवांचं पडलंय? हात सैल व्हायला लागतो.

नंतर भागूबाईला बसवलं. तिचा हात म्हणजे सागाचा ओंडका. ती म्हणाली, "माज्या हाताला काय हुतंय? ह्यानं कुऱ्हाड धरलीया. कर तुला काय करायचं त्ये." दोन वाढल्या. बाकीच्या गेल्या. स्नेहल मधेच साबण पुढं करत होती, भागूबाईच तिच्यावर ओरडली, "ठिव तिकडं! मी काय कापडं हाय?"

तर मी येते. वचन देत नाही. स्नेहलला सोबत आणते, ती शेजारी बसेल. भुंगा खाली आला नाही तर मी उठेन आणि ती बसेल, आणि तू एक शब्द बोलायचा नाहीस.

तो 'नाही तर' मला रात्रंदिवस दिसतो. तरी येते.

पंकजा


राजूर,
१९ मे २०२५

सिल्व्हे,

लग्न छान झालं. बिर्याणी झकास. जावई चष्मा पुसत होता तेव्हा बरा दिसला.

हळदीच्या दिवसाचं तुला सांगायचं आहे. तू म्हणशील, मी तिथंच होते. नव्हतीस. बाहेर मांडववाल्याशी खुर्च्यांवरनं भांडत होतीस, तेही श्लोक घालून. तो बिचारा हात जोडून 'आमेन' म्हणत होता.

मी कृपाचा हात धरला. गार. पहिली बांगडी हाडावर आली आणि भुंगा वर गेला तो तिथंच. माझं सगळं बोलून झालं. सासूचं, नवऱ्याच्या चष्म्याचं, भागूबाईच्या चार्जिंगचं. कृपा हसली. पण तोंड हसत होतं, हात हसत नव्हता. दंडात सगळं कळत होतं मला. तुझ्या बाया गोल करून बसलेल्या. एक म्हणाली, "मशीन गरम झाली वाटतं." स्नेहलनं मला कोपरानं ढोसलं, "ताई, मी बसू?"

मी उठणारच होते. खरं सांगते, एक पाय उचलला होता. मग वाटलं, भुंगा तर बरोबर सांगतोय. हात घट्ट आहे म्हणतोय. घट्ट का आहे, ते त्यानं कसं सांगावं? ते विचारायचं काम माझं.

वाकून तिच्या कानात म्हणलं, "कृपे, काय झालं गं?"

ती म्हणाली, "मावशी, पप्पा गेल्यापासून आम्ही दोघीच. आता आई एकटी राहणार. मी बोलायला गेले की ती हसवते. रडू आलं की आणखी हसवते. सहा महिने झाले, मला एकदा धड रडू दिलं नाही तिनं."

मी म्हणलं, "मग आता रड की. बांगड्या भरताना रडलं तर बायांना वाटतं हात दुखला. कुणी काही विचारत नाही."

आणि रडली गं पोर. अशी रडली की तुझ्या बाया माझ्यावर धावून आल्या. "हळू ओ कासारीणबाई, मोडाल हात पोरीचा!" मी म्हणलं, "नाजूक आहे हो, कॉलेजात शिकलीय." सगळा आळ घेतला अंगावर. तिचा हात माझ्या हातात विरघळला. भुंगा खाली आला, आणि सगळा चुडा एका दमात मनगटावर गेला. दुसरा हात तर भरायलाच लागला नाही, आपला आपण गेला. एकही वाढली नाही.

उठून ती माझ्या पाया पडली. मी नवाच हात तिच्या डोक्यावर ठेवला. भुंगा इवलासा वाजला. केस लागले तेवढाच.

तू आत आलीस आणि तिचे डोळे बघून म्हणालीस, "एवढं दुखलं? मग लग्नच नको करूस." सगळ्या हसल्या. कृपाही हसली.

तिनं सांगू नको म्हणलं होतं. मी सांगितलं. तू माझ्या वेळी पुण्याला फोन केलास, तोही मी कुठं करायला सांगितला होता.

आता दुकानात मी बसते, स्नेहल गल्ल्यावर. काही बाया अजून तिलाच हात देतात. देऊ देत. बाकीच्या माझ्याकडं येतात.

पंकजा


अहिल्यानगर,
२६ मे २०२५

पंके,

तुझं पत्र वाचून एक विनोद सुचला होता. लिहिला आणि खोडला. तो काळा डाग दिसतोय ना वर, तो तोच.

काल कृपाला फोन केला. पाच मिनिटं एकही कोटी केली नाही, तर ती घाबरून म्हणाली, "आई, तुझी तब्येत बरी आहे ना?" मग मी तिला सांगितलं, की घर मोठं झालंय. संध्याकाळी दोन कप काढते आणि एक परत ठेवते. ती तिकडे रडायला लागली. मी या वेळी तिला हसवलं नाही. फार अवघड गेलं. जावयांनी तिच्या हातातून फोन घेऊन विचारलं, "मी नंतर फोन करायला सांगू का?" बरा मुलगा आहे. निरुपद्रवी हा शब्द मागे घेते. यंदा मागे घेण्याचंच वर्ष दिसतंय.

शनिवारी पहिल्या बसनं राजूरला येतेय.

कृपाचे वडील गेल्यापासून माझ्या हातात बांगडी नाही. मला कुणी उतरवायला सांगितलं नव्हतं. आमच्यात तसा नियमही नाही, पण रीत काही धर्म विचारून घरात शिरत नाही. मीच एका सकाळी काढल्या, आणि कॉलेजात सगळ्यांना सांगितलं की फळ्यावर लिहिताना आवाज होतो. सगळ्या हसल्या. मीही.

हात कडक झाला असेल. माप तू बघ, रंगही तूच ठरव. साबण लावायचा नाही. गप्पाही तूच मार. मी काही बोलणार नाही. तुझ्या भुंग्याला खाली यायला लागेल तेवढा वेळ लागू दे.

तुझी,
सिल्व्हिया